हवाईच्या ऊसमळ्यांवरचे पोर्तुगीज पूर्वज: गावापर्यंत माग कसा काढायचा

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर एक पितळी बिल्ला पडलेला असायचा. वर दोरा ओवायला भोक, मधे एक आकडा. "माझ्या आजोबांचा," एवढंच त्या सांगत. आजोबा हवाईत उसाच्या मळ्यावर होते, पोर्तुगीज होते, पुढे कॅलिफोर्नियात आले, आडनाव पेरी. यापलीकडे घरात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मला त्याचं नवल वाटलं, कारण माझ्या माहेरची माणसं त्र्यंबकेश्वरला गेली की उपाध्ये वही काढून चार पिढ्यांची नावं वाचून दाखवतात. मात्र वही उघडण्याआधी ते एक प्रश्न विचारतात: गाव कोणतं?

पोर्तुगीज पूर्वजांच्या बाबतीतही सगळं याच प्रश्नावर येऊन थांबतं. तिथल्या नोंदी चर्चच्या वह्यांमध्ये आहेत आणि त्या वह्या गावागणिक ठेवलेल्या आहेत. गाव सापडलं की दोनशे वर्षं मागे जाता येतं. गाव नाही सापडलं तर कितीही आडनावं धुंडाळली तरी हाती काही लागत नाही. इथे कॅलिफोर्नियात आणि हवाईत अशा घरांत सून किंवा जावई म्हणून गेलेले मराठी लोक मला भेटतात, मुलांच्या निमित्ताने त्यांना हा शोध सुरू करायचा असतो. मी जे करत गेले आणि जिथे चुकले, ते त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय कागद वाचता येत नाहीत

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. १८७५ मध्ये अमेरिकेशी करार झाला, हवाईची साखर अमेरिकेत करमुक्त जाऊ लागली आणि मळ्यांना माणसं कमी पडू लागली. त्याच सुमारास अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या बेटांवर हलाखी होती. मदैरा बेटावर द्राक्षवेलींना कीड लागली होती, अझोर्स बेटांपैकी साओ मिगेलवरचा संत्र्यांचा व्यापार बसला होता. विल्यम हिलेब्रँड नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हवाईत बरीच वर्षं राहून मदैरात गेले होते. मदैराच्या लोकांना ऊस माहीत आहे, त्यांना बोलवा, असं त्यांनी हवाई सरकारला सुचवलं. ३० सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिसिला' हे जहाज मदैराच्या फुंशाल बंदरातून शंभरावर माणसं घेऊन होनोलुलूला लागलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये 'रेव्हन्सक्रॅग' आलं. त्यावरच्या सुतारांनी आणलेल्या छोट्या तंतुवाद्यातून युकुलेले जन्माला आलं. मग साओ मिगेलहून जहाजांची रीघ लागली. १८८८ नंतर ओघ आटला, १९०६ ते १९१३ मध्ये पुन्हा थोडा वाढला. सगळी मिळून पंधरा हजारांहून अधिक माणसं आली.

यातल्या दोन गोष्टी शोधाच्या कामाच्या आहेत. पहिली अशी, की चिनी आणि जपानी मजूर बहुतेक एकटे आले, पोर्तुगीज मात्र बायकामुलांसह आले. त्यामुळे आपण एका माणसाला न शोधता एका घराला शोधतो, आणि घर ओळखणं सोपं असतं. दुसरी अशी, की प्रवास केप हॉर्नला वळसा घालून होई. शिडाच्या जहाजाला चार ते सहा महिने लागत, वाफेच्या जहाजाला कमी. वाटेत मुलं जन्मत आणि दगावतही. म्हणून निघतानाची यादी आणि पोचतानाची यादी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नका.

पहिलं काम: घर धुंडाळा, आणि वडीलधारे आहेत तोवर विचारा

कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हे करा. मी उलट केलं. एका वंशावळीच्या संकेतस्थळावर कुणीतरी मांडलेलं झाड सापडलं, नाव जुळलं, साल जुळलं, आणि मी पावसाळाभर मदैराच्या वह्या चाळत बसले. आमचं घर साओ मिगेलचं निघालं. सासूबाईंच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे आमच्या मावशींना, तेव्हाच एक फोन केला असता तर ते महिने वाचले असते. त्यांच्या आजीला 'वोवो' म्हणत, आणि वोवो नेहमी 'साओ मिगेलची भाकरी' करायची हे त्यांना पक्कं आठवत होतं.

नुसतं "आपण कुठले?" असं विचारलं तर उत्तर "पोर्तुगालचे" असंच येतं. त्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. हवाईच्या कोणत्या बेटावर होतात? मळ्याचं नाव काय? कोणत्या कॅम्पात, म्हणजे मळ्यावरच्या वस्तीत, घर होतं? चर्च कोणतं? कुणाच्या लग्नात साक्षीदार म्हणून कोण उभं राहिलं होतं? अंगणात दगडी भट्टी होती का? (पोर्तुगीज वस्तीत पावाची भट्टी हमखास असे.) आजीचं माहेरचं नाव काय, तिच्या बहिणी कुठे दिल्या? कोण कुणाला 'चुलत' म्हणत असे? उत्तरं जशीच्या तशी, त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या. उच्चार बिघडलेला वाटला तरी दुरुस्त करू नका, कारण त्या बिघडलेल्या उच्चारातच कधी कधी गावाचं नाव दडलेलं असतं.

मग कागद: मृत्यूचे दाखले, अंत्यसंस्काराच्या वेळी वाटलेली छोटी कार्डं, फोटोंच्या पाठी, प्रार्थनापुस्तकाची आतली पानं, थडग्यांवरची अक्षरं. पोर्तुगीजांच्या परस्पर मदत संस्थांची पुस्तकं किंवा बिल्ले असतील तर तेही बाजूला काढा. हवाईत १८८२ साली स्थापन झालेली 'सोसिएदाद लुझिताना बेनेफिसेंत' ही त्यातली मोठी. आजारपणात आणि मयताला तीच सभासदांच्या पाठीशी उभी राही.

सासूबाईंच्या डब्यातला तो बिल्ला म्हणजे 'बांगो'. मूळ शब्द जपानी, अर्थ क्रमांक. मळ्याच्या हिशेबात मजूर बहुधा नावाऐवजी या आकड्याने ओळखला जाई. पगार घेताना आणि मळ्याच्या दुकानात उधारी लिहिताना तोच दाखवायचा. घरात बांगो असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

दुसरं काम: जनगणनेतून घराचा ढाचा उभा करा

१८९८ मध्ये अमेरिकेने हवाई ताब्यात घेतलं आणि १९०० पासून दर दहा वर्षांनी तिथे अमेरिकेची जनगणना झाली. १९०० ते १९५० च्या सगळ्या याद्या आज पाहता येतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत, फक्त खातं उघडावं लागतं.

सुरुवात सर्वांत अलीकडच्या यादीपासून करा आणि एकेक पायरी मागे जा. १९०० आणि १९१० च्या याद्या सोन्यासारख्या आहेत, कारण त्यात लग्नाला किती वर्षं झाली, बाईला एकूण किती मुलं झाली, त्यातली किती हयात आहेत आणि माणूस कोणत्या साली इथे आला, हे सगळं विचारलेलं आहे. आल्याचं साल दोन-चार वर्षांनी इकडेतिकडे असतंच, त्यावर विसंबू नका. त्याहून भरवशाची खूण म्हणजे मुलांची जन्मस्थळं. थोरला पोर्तुगालात १८८१ चा, धाकटी हवाईत १८८४ ची, म्हणजे प्रवास त्या दोघांच्या मधे झाला. तसंच पुढे: एक मूल हवाईत, त्याच्या पाठचं कॅलिफोर्नियात, की हवाई कधी सोडलं ते कळलं. हवाईतली अनेक पोर्तुगीज कुटुंबं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकलंड, सॅन लिअँड्रो, हेवर्ड या भागात आली, आमचंही त्यातलंच.

हवाईच्या १९१०, १९२० आणि १९३० च्या गणनेत 'पोर्तुगीज' हा गोऱ्यांपासून वेगळा गट धरला जाई. वाचताना मनाला टोचतं, पण शोधाला त्याची मदत होते. आडनाव ओळखू येईनासं झालं असलं तरी त्या रकान्यावरून माणूस हाती लागतो. शेजारपाजारही लिहून घ्या. एका जहाजातून आलेली, एका गावची माणसं मळ्यावरही शेजारी राहत. आमच्या घराचा पत्ता लागत नव्हता तेव्हा मी शेजारच्या दोन घरांचा माग काढला. दोन्ही घरं एकाच गावची निघाली, आणि मग आमचंही.

तिसरं काम: नावांचा गुंता समजून घ्या

इथे सावकाश जावं लागतं. निम्मे लोक इथेच हरतात.

बापाचं आडनाव मुलाला मिळतं हे आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकातल्या अझोर्समध्ये तसा नियम नव्हता. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं फक्त पाळण्यातलं नाव लिहीत: मानुएल, बस्स. मोठेपणी तो बापाचं आडनाव लावी, आईच्या वडिलांचं लावी, किंवा गावाने पाडलेलं टोपणनावच आडनाव होऊन बसे. सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असू शकतात: एक मेदैरोश, दुसरा पाशेको. म्हणून मूळ गावच्या वह्यांत पूर्वजाला त्याच्या आडनावाने शोधू नका. आईबापांची जोडी धरा आणि त्या जोडीची सगळी मुलं शोधा.

बायकांची नावं अनेकदा भक्तीची असतात: मारिया द जेझुस, मारिया दा कॉन्सेइसाओ, आना दो इश्पिरितु सांतु. म्हणजे येशूची मारिया, निष्कलंक गर्भधारणेची मारिया, पवित्र आत्म्याची आना. हे घराणं नव्हे. एका गावात एकाच नावाच्या वीस मारिया असतात. पण दुसऱ्या बाजूने बाईचं नाव आपल्याला मदत करतं, कारण लग्नानंतर तिथल्या बायका बहुधा नाव बदलत नसत. नवऱ्याचं नाव हवाईत पार बदलून गेलं असलं तरी बायकोचं जुनं नाव एखाद्या दाखल्यात टिकून राहतं. आमच्या बाबतीत तसंच झालं. आजोबांचा पत्ता लागला तो आजीच्या नावावरून.

हवाईत पोचल्यावर कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं, आणि पुढे इंग्रजी शाळांमुळे नावं आणखी बदलली. परेरा झाले पेरी, रॉद्रिगेश झाले रॉजर्स, सिल्वा हे वेगळ्या स्पेलिंगने सिल्व्हा, रोझा झाली रोझ. जोआओ झाला जॉन, जोझे झाला जो किंवा जोसेफ. शोधताना नावाची जितकी रूपं सुचतील तितकी एका कागदावर लिहा आणि एकेक टाकून पाहा. हवाईयन भाषेतल्या जुन्या कागदांत पोर्तुगीजांना 'पुकिकी' म्हटलेलं असतं, तेही लक्षात असू द्या.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. परेरा, फर्नांडिस, डिसोझा म्हटलं की आपल्याला गोवा आणि वसई आठवतात, आणि "म्हणजे आपलं काही नातं?" असं मला अनेकांनी विचारलं आहे. गोव्यात आणि वसईत ही आडनावं धर्मांतराच्या वेळी बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूकडून किंवा धर्मपित्याकडून (गॉडफादरकडून) आली. त्यामुळे आडनाव सारखं म्हणून रक्ताचं नातं निघत नाही. भाषेचं नातं मात्र खरं आहे. कोकणीत चर्चला इगर्ज आणि चर्चच्या हद्दीला फिर्गज म्हणतात, तेच शब्द अझोर्सच्या वहीत 'इग्रेजा' आणि 'फ्रेगेझिया' म्हणून भेटतात. मळ्याच्या हिशेबात आपण ज्याला पगार म्हणतो तो शब्दसुद्धा मूळ पोर्तुगीज. माहेरचे शब्द असे परक्या कागदावर दिसले की वाचायचा धीर येतो.

चौथं काम: जहाज

होनोलुलूत इओलानी राजवाड्याच्या आवारात हवाईचं राज्य अभिलेखागार आहे. पोर्तुगीज प्रवाशांची सूची तिथे तयार आहे आणि ऑनलाइनही पाहता येते. एकट्या नावावर भरवसा ठेवू नका. घराचा साचा घेऊन जा: नवरा तीस, बायको सव्वीस, मुलं सहा, चार आणि तान्हं. नावाचं स्पेलिंग कितीही बिघडलेलं असो, हा साचा जुळला की बहुतेक वेळा तेच घर असतं. वयं वर्ष-दोन वर्षांनी चुकलेली चालतील, मुलांचा क्रम चुकता कामा नये.

यादीत बेट किंवा बंदर मिळतं, गाव क्वचितच. आणि जहाज फुंशालहून सुटलं म्हणून सगळे मदैराचेच असं नसतं. काही जहाजं दोन्हीकडून माणसं घेत.

तुमचे पूर्वज उशिरा, म्हणजे 'सुवेरिक' (१९०६) किंवा 'क्युमेरिक' (१९०७) यांसारख्या जहाजांनी किंवा त्यानंतर आले असतील तर काम हलकं होतं. तोवर अमेरिकेचे नियम लागू झाले होते. १९०७ च्या कायद्यानंतरच्या याद्यांत मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता विचारलेला असे, आणि त्या पत्त्यात गाव मिळू शकतं.

पाचवं काम: गावाचं नाव कुठे कुठे दडलेलं असतं

लवकर आलेल्यांच्या बाबतीत गाव हुडकायला अमेरिकेतले सगळे कागद पालथे घालावे लागतात. माझ्या अनुभवातून ज्यांनी फळ दिलं ते सांगते.

चर्चमधली लग्नाची नोंद. हवाईतल्या कॅथलिक चर्चमध्ये लग्न झालं असेल तर धर्मगुरू वधूवरांचं मूळ गाव लिहून घेत असण्याची शक्यता चांगली असते. जन्माचे उशिरा काढलेले दाखले: ज्यांचा जन्म वेळेवर नोंदला गेला नाही त्यांनी पुढे साक्षीदार आणून दाखला काढला, आणि त्यात आईवडिलांची माहिती येते. हवाईतले १८५९ ते १९०३ दरम्यानच्या जन्मांचे असे दाखले फॅमिलीसर्चवर आहेत. १९१७-१८ ची सैन्यभरतीची नोंदणी: जून १९१७ च्या फॉर्मवर जन्माचं गाव विचारलेलं आहे. १९३६ नंतर भरलेला सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा, अर्ज: त्यात आईवडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं नावही. आणि १९४० मध्ये जे अजून अमेरिकेचे नागरिक झाले नव्हते अशा चौदा वर्षांवरच्या सर्वांना नोंदणी करावी लागली. त्या फॉर्मवर जन्मगाव, आल्याची तारीख, जहाज असं सगळं आहे.

नागरिकत्वाचे कागद शोधणाऱ्यांना सावध करते. हवाईच्या राज्याचं किंवा प्रजासत्ताकाचं नागरिकत्व ज्यांनी आधीच घेतलं होतं ते १९०० च्या कायद्याने आपोआप अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांचे अमेरिकी नागरिकत्वाचे अर्ज नसतातच, म्हणून ते शोधण्यात वर्ष घालवू नका.

मृत्युलेख वाचा. हवाईतली जुनी इंग्रजी वृत्तपत्रं अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात फुकट आहेत. होनोलुलूतली 'पोर्तुगीज जिनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ हवाई' हीसुद्धा याच कामाला वाहिलेली संस्था. नेमका प्रश्न घेऊन तिथे जा.

मळ्यांचे स्वतःचे दप्तर होनोलुलूला हवाई विद्यापीठाच्या हॅमिल्टन ग्रंथालयात ठेवलेलं आहे: पगारपत्रकं, पत्रव्यवहार, हिशेब. मळ्याचं नाव आणि बांगोचा आकडा हातात असेल तरच तिथे वेळ द्या. गाव तिथे मिळणार नाही. मिळेल ते आयुष्य: किती दिवस कामावर, काय काम, कधी मुकादम, म्हणजे तिथल्या भाषेत 'लूना', झाला. सुरुवातीचे लोक करारावर आले होते आणि करार मोडला तर कायद्याने शिक्षा होई. ती करारपद्धत १९०० मध्ये संपली. पगारपत्रकात एखादा माणूस अचानक दिसेनासा झाला तर हे साल डोळ्यांपुढे ठेवा.

आता पलीकडच्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोलाचा कागद: पासपोर्टची नोंद. बेट सोडायला पासपोर्ट लागे. साओ मिगेलचे पोन्ता देल्गादाला, मदैराचे फुंशालला नोंदले जात. नोंदीत नाव, वय, गाव आणि कुठे जाणार ते असतं. हवाई असं लिहिलेलं शोधू नका, तेव्हा त्यांना 'सँडविच बेटं' म्हणत. बायकामुलं बहुधा नवऱ्याच्याच पासपोर्टवर येतात. जहाजाची तारीख कळलेली असेल तर त्याआधीच्या काही महिन्यांच्या नोंदी एकामागून एक वाचून काढा. आमचं गाव मला तिथे सापडलं, रात्री दीड वाजता, आणि मी नवऱ्याला उठवलं. मात्र सैन्यातली सक्ती चुकवायला काही तरुण पासपोर्टशिवायच निसटले. नोंद नाही म्हणजे माणूस गेला नाही, असं समजू नका.

सहावं काम: गावची वही

गाव कळल्यावर एक खात्री करा: ते नेमकं कोणतं गाव. पोन्ता देल्गादा हे साओ मिगेलचं मुख्य शहर आहे, पण त्याच नावाचं गाव मदैरातही आहे आणि फ्लोरेस बेटावरही. म्हणून बेट, तालुका आणि गाव ही तिन्ही नावं एकत्र लिहायची सवय लावा. तालुक्याला तिथे 'कोंसेल्यु' म्हणतात. साओ मिगेलवर असे सहा आहेत: पोन्ता देल्गादा, रिबैरा ग्रांद, लागोआ, व्हिला फ्रांका दो कांपु, पोव्होआसाओ आणि नोर्देश्त.

पोर्तुगालात सरकारी जन्मनोंदणी सर्वांना सक्तीची झाली ती १९११ मध्ये. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या, आणि त्या वह्या आता सरकारी अभिलेखागारांत आहेत. अझोर्सच्या वह्यांची छायाचित्रं 'सेंत्रु द कोन्येसिमेंतु दुश असोरेश' या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. मदैराच्या वह्या फुंशालच्या अभिलेखागाराकडे आहेत. सगळ्या पोर्तुगालच्या वह्यांचे दुवे गावागणिक लावून ठेवलेलं 'तोंबो' नावाचं एक संकेतस्थळ आहे, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

आधी लग्न शोधा. थोरल्या मुलाच्या जन्माआधीची चार-पाच वर्षं चाळा. लग्नाच्या नोंदीत दोघांचे आईवडील आणि दोघांची गावं येतात. मग त्या दोघांचे बाप्तिस्मे. १८६० पासून पोर्तुगालात या नोंदी एका ठरावीक साच्यात लिहिल्या जाऊ लागल्या, आणि बाप्तिस्म्याच्या एकाच नोंदीत आईवडील, चारही आजीआजोबा आणि धर्ममायबाप मिळतात. एका पानात तीन पिढ्या! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला उपाध्यांची वही आठवली.

अक्षराला घाबरू नका. पोर्तुगीज यायलाच हवं असं नाही. पंधरा-वीस शब्दांत काम भागतं, कारण साचा तोच असतो. 'नासेउ' म्हणजे जन्मला. 'फिल्यु लेजितिमु द' म्हणजे अमक्याचा औरस मुलगा. 'नातुराल' म्हणजे त्या गावचा. 'नेतु पातेर्नु' म्हणजे बापाकडून नातू, 'मातेर्नु' म्हणजे आईकडून. 'पाद्रिन्यु' आणि 'माद्रिन्या' हे धर्ममायबाप. 'जोर्नालैरु' म्हणजे रोजंदारीवरचा मजूर, हा शब्द तुम्हाला पानोपानी दिसेल. 'पाइ इंकोग्नितु' म्हणजे बाप अज्ञात, 'एश्पोश्तु' म्हणजे टाकून दिलेलं मूल. असं काही आपल्या घरात निघालं तर वडीलधाऱ्यांना सांगताना जपून सांगा.

महिन्यांचा एक सापळा आहे. आकडा ७ आणि त्यापुढे 'ब्रु' असं लिहिलेलं दिसलं तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. लॅटिन भाषेतल्या सात, आठ, नऊ, दहावरून ही पद्धत आली आहे. नावंही आखडून लिहिलेली असतात: मारियाचं पहिलं अक्षर आणि वर छोटा 'आ', मानुएलचा 'म' आणि शेवटचा 'एल'.

मी वाचते ते असं: आधी नुसता समास. प्रत्येक नोंदीच्या डाव्या बाजूला बाळाचं नाव असतं. आपलं नाव दिसलं की मगच आत शिरायचं आणि पहिल्यांदा आईबापांची जोडी तपासायची. एका धर्मगुरूचं अक्षर कळायला दहा नोंदी लागतात, पुढची शंभर पानं मग सरसर जातात. नोंदीच्या शेवटी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की धर्ममायबापांना लिहिता येत नाही म्हणून त्यांनी सही केली नाही. ती ओळ सोडून देऊ नका, आपल्या माणसांबद्दल ती पुष्कळ सांगते.

सातवं काम: तपासणी

डीएनए चाचणीबद्दल मला नेहमी विचारतात. ती उपयोगी आहे, पण या बेटांवर लहान गावांत पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली आहेत. लग्नाच्या नोंदीत चुलत किंवा मावस नात्यासाठी चर्चने दिलेली सवलत लिहिलेली सापडते. त्यामुळे चाचणीत दूरचं माणूस जवळचं भासतं. कागदाशिवाय तिच्यावर निष्कर्ष काढू नका.

दोन वेगळ्या कागदांनी दुजोरा दिल्याशिवाय कुणालाही झाडावर चढवू नका, आणि दुसऱ्याचं झाड तर कधीच उचलू नका. ज्या झाडाने मला मदैराला नेलं त्याच्यावर एकाही कागदाचा आधार नव्हता.

सापडलेल्या प्रत्येक नोंदीखाली लगेच लिहा: बेट, तालुका, गाव, कोणती वही (बाप्तिस्मा, लग्न की मृत्यू), साल, पान, नोंदीचा क्रमांक. संकेतस्थळाचा दुवा उद्या बदलेल, हा पत्ता बदलणार नाही. जिथे शंका आहे तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि ते पुसायची घाई करू नका. आमच्या कागदावर अजून तीन आहेत. सासूबाईंना गावच्या वहीतल्या आपल्या घराच्या पानाची मोठी छापील प्रत दिली, त्यांनी ती बिल्ल्याच्याच डब्यात घडी करून ठेवली आहे, आणि मावशींसाठी दुसरी प्रत टपालात टाकली आहे.